मी दत्तक जात नाही

"लेकरं पैदा करायले पैसे असतात तुमच्याजवळ. फी भरायले नसतात."

कॉलेजच्या ऑफिसातला बाबू खिडकीतून हे बोलला. हळू आवाजात नाही. रांगेतल्या शेवटच्या पोरीलाही ऐकू जावं असं. माझी लेक खांद्यावर झोपली होती. चार महिन्यांची. ती दचकून उठली अन् रडायला लागली. मागे कोणीतरी हसलं.

मी फक्त विचारलं होतं, "सर, आम्ही शिष्यवृत्तीवाले. आमच्याकडून आधी फी घ्यायची नाही असा सरकारचा नियम आहे ना?"

त्यानं कागदावरचं माझं आडनाव पाहिलं. मग मला पाहिलं. मग पोरीला. मग बोलला.

"तुमच्याजवळ" म्हणाला. मला मान देत होता असं समजू नका. खिडकीपुढे मी एकटी होते, पण माझ्यामागे आमची अख्खी वस्ती उभी आहे असा तो बोलत होता.

जिन्याखाली जाऊन पोरीला पाजलं. मग पुलगावची गाडी धरली अन् घरी आले.

आमचं घर नाचणगावात. नवरा पुलगावला वेल्डिंगच्या दुकानात कामाला. सासूबाई दुसऱ्याच्या शेतात रोजीनं जातात. मी बी.ए. होऊन लग्न करून आले. मास्तरीण व्हायचं हे लग्नाआधीच सांगून ठेवलं होतं. वर्ध्याच्या कॉलेजात बी.एड.ला नंबर लागला तेव्हा हाच बाबू म्हणाला होता, "आधी भरा. शिष्यवृत्ती आली की परत देऊ." नवऱ्यानं मोटरसायकल विकली. पहिलं वर्ष झालं. शेवटचा पेपर मी नवव्या महिन्यात दिला, पोट टेबलाला लागत होतं म्हणून तिरपी बसून. पैसे मात्र परत आलेच नाहीत. विचारलं की उत्तर एकच. "आले नाई अजून." नवरा अजून सायकलनं कामावर जातो.

आता दुसरं वर्ष, अन् घरात तान्हं पोर.

त्या रात्री जेवणं झाल्यावर आम्ही तिघं बसलो. नवरा म्हणाला, "या वर्षी राहू दे. पोरगी मोठी झाली का मंग पाहू." तो वाईट माणूस नाही. त्याला हिशोब जमत नव्हता एवढंच. सासूबाई पोरीपाशी थांबल्या तर त्यांची रोजी बुडते. अन् कापूस वेचायचे दिवस तोंडावर. डब्याचं दूध आणायचं तर एक डबा आठवडाभरही पुरत नाही. रेल्वेचा पास वेगळा. मी काही काम धरलं तर उलट दोन पैसे येतील. हे सगळं खरंच होतं.

मी म्हणाले, "पोरगी मोठी झाली का तिची शाळा निघन. मंग माही कधीच निघत नाई."

सासूबाई बराच वेळ पोरीचे पाय चोळत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तू जाजो. इले मी पाह्यतो. अर्धे दिवस वावरात जाईन, अर्धे दिवस घरी राहीन. ज्या दिवशी मी नाई, त्या दिवशी तू इले संग नेजो."

तसं ठरलं. चहातलं दूध बंद झालं. मी पहाटे उठून अंगावरचं दूध काढून वाटीत झाकून ठेवायची, सासूबाई ते चमच्यानं पाजायच्या. संध्याकाळी वस्तीतल्या पोरांची शिकवणी सुरू केली. बचत गटातून थोडी उचल घेतली. त्यात घर भागायचं, पण फी भागत नव्हती.

मग एक दिवस प्राचार्यांनी कॅबिनमध्ये बोलावलं. मऊ बोलत होते.

"संस्थेच्या अध्यक्षसाहेबांपर्यंत तुझी गोष्ट गेली. त्यांना फार वाईट वाटलं. तुझी फी ते स्वतः भरणार आहेत. त्यांच्या वाढदिवसाचा कार्यक्रम आहे. बाळाला आण. सासूलाही आण."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगते, आनंदाचंच आलं. मी हात जोडले अन् उठले. दारापर्यंत गेले तर ते मागून म्हणाले, "आणि हो. येताना साधी साडी नेस. हे कानातलं काढून ठेव. फोटो निघतील."

कानातलं सोन्याचं नव्हतं. यात्रेतलं होतं. तरी ते मला गरीब दिसू देत नव्हतं.

मी काढून ठेवलं. हेही सांगितलं पाहिजे. मी काढून ठेवलं, जुनी साडी नेसले अन् गेले. फी भरली जात होती. वर्ष वाचत होतं. मनाला म्हटलं, एका दिवसाचं काम आहे.

हॉल भरला होता. स्टेजवर मोठा फ्लेक्स. त्यावर अध्यक्षांचा फोटो अन् खाली लिहिलेलं, 'गरीब व होतकरू मातेस शैक्षणिक दत्तक'. म्हणजे मी. मला खुर्ची दिली नव्हती. मी कडेला पोरीला घेऊन उभी. फोटोसाठी अध्यक्षांच्या बाईंनी पोरीला मांडीवर मागितलं. घ्यायच्या आधी त्यांनी पर्समधून रुमाल काढला अन् आपल्या साडीवर पसरला. मग त्यावर पोरीला घेतलं. पोरगी कोरडी होती. मी नुकतेच तिचे कपडे बदलले होते.

माझ्या पोरीच्या आधी एका प्राध्यापकाच्या नातवाला त्यांनी घेतलं होतं. तेव्हा रुमाल काढला नव्हता.

मग अध्यक्ष बोलायला उठले. "यांच्या घराण्यात शिक्षणाची परंपरा नाही. बोट धरून यांना आपणच आणायचं असतं." टाळ्या.

माझ्या आज्यानं दीक्षा घेतली अन् त्याच वर्षी पोरं शाळेत घातली. माझे वडील पोस्टमन होते. मामा शाळामास्तर. मावशी नर्स. कोणाचं बोट धरून आलो आम्ही? पण मी तशीच उभी राहिले. वर्ष वाचत होतं.

सूत्रसंचालन करणाऱ्या मॅडम माइकवर म्हणाल्या, "या मातेच्या सासूबाईही आल्या आहेत. आजी, उभ्या राहा. साहेबांना हात जोडा."

सासूबाई शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांना आधी कळलंच नाही. शेजारच्या कोणीतरी त्यांना कोपरानं हलवलं. त्या उठल्या. सगळा हॉल मान वळवून पाहत होता. त्यांनी एकदा मला पाहिलं. अन् हात जोडले.

या बाईला मी विहारात बुद्धापुढे हात जोडताना पाहिलं आहे. दुसऱ्या कोणापुढे नाही. शेतमालकानं रोजी कापली तेव्हा त्याच्या अंगणात उभं राहून भांडणारी बाई ही. माझ्या फीसाठी तिनं हात जोडले. अन् फोटोवाला म्हणाला, "आजी, जरा अजून वर."

मी पुढे गेले अन् त्या रुमालावरून माझी पोर उचलून घेतली. आभाराचे दोन शब्द म्हणायला मला एक कागद लिहून दिला होता. तो मी उघडलाच नाही. माइक घेतला.

म्हणाले, "ही फी माही नाहीच. सरकार भरते. जे मी द्यायचंच नाही ते तुम्ही मले दान देऊन राह्यले. मागच्या वर्षी माह्या नवऱ्यानं गाडी विकून भरलेले पैसे तुमच्याजवळच आहेत. थे परत द्या. मी दत्तक जात नाही. मले मायबाप आहेत."

मग सासूबाईंकडे पाहून म्हणाले, "आई, हात खाली घ्या."

मॅडमनी माइक ओढला. आम्ही दोघी बाहेर आलो. रस्त्यात रिक्षा मिळेपर्यंत त्या माझ्या पुढे पुढे चालत राहिल्या. मला वाटलं, रागावल्या.

घरी नवरा भडकला. त्याचंही चूक नव्हतं, त्यानं सुटकेचा श्वास सोडून ठेवला होता. "एक धन्यवाद म्हणायले का जात होतं तुह्यं? वर्ष निघालं असतं!"

मी उत्तर द्यायच्या आधी सासूबाई बोलल्या. "तिचं नाई. माह्यं जात होतं. हात माहे होते."

नवरा जेवला नाही. तिसऱ्या दिवशी दुकानातून सुटी घेऊन म्हणाला, "चाल, कुठं अर्ज द्यायचा हाय?"

समाज कल्याणच्या ऑफिसात गेलो. तिथले साहेब म्हणाले, चौकशी करू. पुन्हा गेलो. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी आमच्यासोबत वर्गातल्या तीन पोरी होत्या. त्यातली एक त्या दिवशी फीच्या रांगेत माझ्यामागे हसलेली. तिच्या बापानं बैल विकून फी भरली होती, तीही परत आली नव्हती. ती हसली होती कारण खिडकीपुढे पुढचा नंबर तिचा होता, अन् बाबूला खूश ठेवायचं होतं. हे तिनंच सांगितलं.

पैसे अजून आले नाहीत. बचत गटाचा हप्ता चालू आहे. शिकवणी चालू आहे. कॉलेजनं नोटीस बोर्डावर बाकीदारांत माझं नाव लावलं आहे. बाकीच्यांना हॉल तिकीट मिळालं, अर्ज देणाऱ्या आम्हा चौघींना नाही. काल प्राचार्यांचा फोन आला. अजूनही मऊच बोलतात. "माफीच्या दोन ओळी लिहून दे. आजच हॉल तिकीट देतो."

मी म्हणाले, "माफी तुम्ही लिहा. माह्या सासूच्या नावानं."

फोन ठेवला त्यांनी.

सोमवारी पेपर आहे. मी जाणार. पोर कडेवर असेल, कारण त्या दिवशी सासूबाईंनाही यायचं आहे, त्या म्हणतात घरी राहत नाही. आम्ही चौघी फाटकापाशी भेटू. दार उघडलं तर पेपर लिहीन. नाही उघडलं तर दारातच बसेन, तिथंच पोरीला पाजीन. उठवायला जो येईल, त्यानं हातात आमचे पैसे घेऊनच यावं.