सोयरिकीआधीचं रक्त

पू, रक्त, ओकारी, बाळंतिणीचे कपडे, यातल्या कशाचीच मला कधी किळस आली नाही. बेल्ह्याच्या बाजारात एका माणसाच्या मांडीत बैलाचं शिंग घुसलं होतं आणि त्यानं आठ दिवस घरीच हळद थापून काढले होते. त्या जखमेतले किडे मी चिमट्यानं एकेक करून वेचले, साबणानं हात धुतले आणि डबा खाल्ला. नातेवाईक विचारायचे, "शिस्टर, तुमाला कसंतरी व्हत न्हाई?" नाही व्हायचं. मला किळस आली ती कडक इस्त्रीच्या कपड्यांतल्या, चांगलंचुंगलं बोलणाऱ्या माणसांची. त्यांच्यात मी स्वतःला धरते.

नव्वदीची अखेर असेल. जुन्नर तालुक्यातल्या एका फाट्यावर दहा खाटांचं खाजगी हॉस्पिटल होतं, तिथं मी नोकरीला होते. डॉक्टर हाताचे चांगले, पण एक खोड होती. ऑपरेशनच्या आधी प्रत्येक पेशंटचं रक्त ते न सांगताच एचआयव्हीसाठी पुण्याच्या लॅबला पाठवायचे. रिपोर्ट वाईट आला तर केस पेपरच्या कोपऱ्यात लाल शाईचा एक ठिपका द्यायचे. तेवढ्यावर आम्ही समजायचं, दोन-दोन हातमोजे घालायचे, आणि डॉक्टर काहीतरी कारण काढून पेशंटला वाटेला लावायचे. पेशंटला बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळायचं नाही की आपलं ऑपरेशन का झालं नाही.

असाच एक पंचविशीतला मुलगा अंतर्गळाच्या, म्हणजे हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आला. घर मोठं बागाईतदार. हा स्वतः टोमॅटोचा टेम्पो घेऊन वाशीला जायचा. वॉर्डातल्या म्हाताऱ्यांशी चेष्टा करायचा, मला म्हणायचा, "शिस्टर, टाके बारीक घाला, पोहायला जायचंय." दोन दिवसांनी त्याच्या केस पेपरवर लाल ठिपका पडला.

डॉक्टरांनी मुलाला नाही, त्याच्या बापाला आत बोलावलं. मी ट्रे घेऊन तिथंच उभी होते. डॉक्टरांनी खालच्या आवाजात सांगितलं. त्या काळात या आजारावर आमच्याकडं औषध नव्हतं, नाव ऐकलं की माणूस गेलाच असं धरायचे. बाप टेबलावरच्या काचेकडं बघत होता. मला वाटलं, आता विचारेल, जगंल का पोरगं? त्यानं विचारलं, "आनि कोनाकोनाला म्हाईत हाय?"

"आम्हालाच. तुम्हाला."

"मग तेवढ्यातच ऱ्हाऊ द्या. त्याला बी सांगू नका, खचून जाईल."

डॉक्टरांनी मान डोलावली. त्या घराची भावकी मोठी, सगळी आमच्याच दवाखान्यात यायची. मुलाला सांगण्यात आलं की तुझ्यात रक्त कमी आहे, ऑपरेशन पुढं बघू. मीच त्याला लोहाच्या गोळ्यांची पुडी बांधून दिली आणि जेवणानंतर घ्यायला सांगितलं.

तीन महिन्यांनी कळलं, त्याच्यासाठी मुली बघतायत.

बाप बीपी तपासायला आला तेव्हा मी त्याला जिन्याखाली गाठलं. म्हटलं, "बाबा, लग्न कसं करताय तुम्ही त्याचं?" तो माझ्याकडं असा बघायला लागला की मीच काहीतरी अडाणीपणाचं विचारलंय. म्हणाला, "थोरल्याचं झाल्याबिगर धाकल्याचं कसं करायचं? लोक इचारतील ना." एवढंच. धाकट्याचं स्थळ ठरत आलं होतं, ते अडायला नको म्हणून थोरला बोहल्यावर चढवायचा, आणि त्याच्याबरोबर कुणाची तरी लेक. तो मात्र शांतपणे बाही वर करून बीपीच्या खुर्चीवर बसला.

मी डॉक्टरांकडं गेले. म्हटलं, "सर, त्या मुलीचा जीव जाईल." ते पेपर वाचत होते. म्हणाले, "सिस्टर, आपण हॉस्पिटल चालवतो, वधूवर सूचक मंडळ नाही. पेशंटची माहिती बाहेर गेली तर तुम्हीही बाहेर." पेशंटचं गुपित पेशंटचं, हे मला नर्सिंगच्या शाळेतही घोकून घेतलं होतं. पण हे गुपित पेशंटसाठी नव्हतंच, ते पेशंटपासूनच लपवलेलं होतं. हे मला त्या वेळी सुचायला हवं होतं, ते सुचलं नाही. मी मूग गिळून बाहेर आले.

आता आमच्याकडची चौकशीची रीत सांगायला हवी. मुलगी द्यायची तर बाप आधी मुलाच्या गावात हिंडून विचारपूस करतो. डेअरीवर, चहाच्या टपरीवर, देवळात. पण गावकऱ्यांवर पुरता विश्वास ठेवत नाही, कारण ते एकतर पाहुण्यांची भीड धरतात, नाहीतर जळतात. म्हणून आपल्या मुलखातलं कुणी त्या गावात आहे का ते शोधतात. आपलं माणूस खोटं बोलणार नाही असा हिशेब.

पसंत पडलेल्या मुलीचं गाव आंबेगाव तालुक्यातलं, घोडेगावच्या अलीकडचं. माझं माहेर त्याच्या वर डोंगरात, तळेघरकडं. माझे वडील हिरडा विकायला खाली उतरायचे तेव्हा मुलीच्या बापाच्या ओसरीवर पाणी पिऊन पुढं जायचे, एवढी ओळख. तो बाजाराच्या दिवशी आला आणि माझी दुपारची सुट्टी होईपर्यंत बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसून राहिला.

"ताई, तुमी आमच्याकडच्या. पोराचं घर कसं हाय?"

"घर चांगलं आहे, मामा."

"पीत-बीत न्हाई ना?"

"नाही पीत."

"सासू?"

"ती पण चांगली आहे."

सगळं खरं बोलत होते मी. एकही शब्द खोटा नाही, आणि तरी मला घाम फुटला होता. शेवटी धीर करून म्हटलं, "मामा, आजकाल सोयरिकीआधी रक्त तपासून घेतात. तुम्ही पण तपासून घ्या. नक्की घ्या. त्याशिवाय सुपारी फोडू नका."

त्यानं विचार केला. "बरं झालं सांगितलंत," म्हणाला. मला इतकं हलकं वाटलं! साप पण मेला आणि काठी पण मोडली नाही, असं मनात म्हणून घेतलं. स्वतःच्या हुशारीवर त्या दिवशी मी भलतीच खूश होते.

आठ दिवसांनी तो परत आला. मागं डोक्यावर ओढणी घेतलेली एकोणीस-वीस वर्षांची मुलगी.

"आनलीय बगा हिला. तुमी म्हनला तसं. घ्या रगत."

म्हटलं, "मामा, हिचं नाही... म्हणजे मुलाचं पण..."

तो हसला. "मुलाचं? मुलाकडच्यान्ला असं कसं म्हनायचं ताई? आपुन पोरीवालं. आपल्यात खोट न्हाई येवढं दाखवलं की झालं."

पोरीवाल्यांचं हे वाकून वागणं मी आयुष्यभर बघत आले होते. किळस आली मला त्या भोळ्या माणसाचीसुद्धा. मुलाची चौकशी करायला निघालेला बाप मुलीचीच परीक्षा घेऊन बसला, आणि वर तिचा चांगला कागद मुलाकडच्यांना नेऊन दाखवणार होता. पण त्याला हा रस्ता दाखवला कुणी? मीच.

मुलगी आत आली. मी तिच्या दंडाला रबर बांधलं. बाप बाहेर, डॉक्टर राऊंडला, खोलीत आम्ही दोघीच.

"माज्यात काय खोट हाय म्हनून काढताय?" तिनं विचारलं. भांडणारा आवाज नव्हता.

"काही नाही गं. लग्नाआधी काढतात हल्ली."

"त्यांचं बी काढलंय का?"

सुई शिरेत होती. मी म्हटलं, "हो. काढलंय."

"मग बरं," ती म्हणाली आणि मूठ सैल सोडली.

खरं बोलून इतकं खोटं बोलता येतं हे मला तेव्हा कळलं. कापसाचा बोळा तिच्या हातावर दाबून मी तिला "हात वाकवून धर" सांगितलं आणि मोरीत जाऊन ओकले. अकरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा.

तिचा रिपोर्ट एकदम चांगला आला. बापानं तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून मुलाच्या घरी नेला. तारीख धरली गेली.

मग एक दिवस तो मुलगाच आला, एकटा. म्हणाला, "शिस्टर, आता रगत भरलं असंल ना? लग्नाआधी आपरेशन उरकून घेतो." गोळ्या त्यानं इमानानं खाल्ल्या होत्या. मला त्या क्षणी लख्ख दिसलं की ज्याचं गुपित आहे त्याला ते सांगण्यात कसला गुन्हा? मी त्याला सलाईनच्या खोक्यांच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि सांगून टाकलं. सांगताना मी त्याचा हात धरला होता, तो त्यानं सोडवून घेतला नाही.

मग त्यानं विचारलं, "आबान्ला म्हाईत हाय?"

"आहे. पहिल्यापासून."

"म्हंजे समद्यान्ला म्हाईत, मला सोडून."

जाताना तो म्हणाला, "आनि कोनाला सांगू नका. मरंस्तवर न्हाई." मी शब्द दिला. त्याच दिवशी त्यानं घरी जाऊन सांगितलं की मी लग्न करणार नाही. कारण सांगितलं नाही, माझं नावही घेतलं नाही. बापानं मारलं म्हणतात, तरी तोंड उघडलं नाही. पुढं तो पुण्यात एका नातेवाइकाकडं राहायला गेला. या आजारावरच्या सरकारी गोळ्या मिळायला लागेपर्यंत कसाबसा तग धरून होता, एवढं मला नंतर कळलं. त्या सगळ्या प्रकरणात धड माणूस तोच एक.

मुलगी वाचली. मी देवापुढं साखर ठेवली.

पण लग्न मोडलं की लोकांना कारण लागतं, आणि कारण आयतं तयार होतं. लग्नाआधी रक्त कुणाचं तपासलं होतं? मुलीचं. मग खोट कुणात निघाली असणार? मुलाकडच्यांना फार काही बोलावं लागलं नाही, नुसतं "जाऊ द्या, पोरीची जात हाय, आपुन कशाला बोलायचं" म्हटलं की काम झालं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, यात त्या घराचा हात कुणी धरला नसता. मुलीचा बाप तो चांगला रिपोर्ट घेऊन भावकीत, पाहुण्यारावळ्यांत दाखवत फिरला. लोक म्हणाले, पोर नीट असती तर कागद घेऊन कशाला हिंडला असता? दोन स्थळं दारातून परत गेली.

तो पुन्हा माझ्याकडं आला. या वेळी बाकावर बसला नाही.

"ताई, रगत तुमी काढलंत. एकडाव येऊन चार मानसांत सांगा, पोरीत कायबी न्हाई."

"मामा, कागदावर लिहिलंय की सगळं."

"कागुद कोन वाचतंय? लगीन मोडलं कशापायी इचारत्यात. ते मी काय सांगू?"

मी हातातला ट्रे पुसायला लागले. त्याच्या गावात जाऊन मी मुलगी चांगली आहे म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न मुलाचाच निघाला असता, आणि मी त्याला शब्द दिला होता. नोकरीही होती. शब्द पाळला की नोकरी सांभाळली, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

तो माझ्या तोंडाकडं बघत होता. हळूच म्हणाला, "म्हंजे तुमाला म्हाईत हाय." मी मान खाली घातली. त्यानं टोपी घातली आणि निघून गेला, परत कधी आला नाही.

पंधरा दिवसांनी मुलाचा बाप पेढ्यांचा पुडा घेऊन दवाखान्यात आला. धाकट्याची सुपारी फुटली होती. बाहेर वीस-पंचवीस माणसं बसलेली. सगळ्यांना पेढे वाटत वाटत तो मोठ्यानं म्हणाला, "थोरल्याच्या टायमाला वाचलो बगा आमी. पोरीच्या रगतातच खोट व्हती. ह्या शिस्टरनीच काढलं व्हतं, इचारा त्यांना." आणि माझ्या हातावर पेढा ठेवला.

सगळी माझ्याकडं बघायला लागली. बाकावर घोडेगावकडच्या दोन बायका होत्या, एकीनं पदर सावरून मान पुढं काढली. हातात पेढा चिकट झाला होता. मी तो तोंडात टाकला. त्या बाईनं शेजारणीकडं बघून सावकाश मान हलवली.

वैशाखात ती मुलगी दोन लेकरांच्या बिजवराला दिली.