आतड्यातला छेद आणि माझ्या शंका

"अम्मा, आँत में छेद हुआ है," असं म्हणत डॉक्टर माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले. डॉक्टर शेजारी येऊन बसला की त्याला काहीतरी लपवायचं असतं, हे माझं तेव्हाचं ठाम मत.

आत आमचे हे होते. शौचावाटे रक्त जात होतं म्हणून त्यांची कोलोनोस्कोपी चालली होती, म्हणजे कॅमेऱ्याची लवचिक नळी मागच्या वाटेनं घालून मोठं आतडं आतून बघणं. त्यात एक पॉलिप सापडला, आतड्याच्या अस्तरावर उगवलेला मांसाचा कोंब. तो काढताना आतड्याची भिंतच फाटली. याला परफोरेशन म्हणतात.

"पण आम्ही लगेच क्लिप्स लावल्या," डॉक्टर म्हणाले. त्याच नळीतून धातूचे बारीक चिमटे सोडून फाटलेल्या कडा जुळवायच्या. जखम भरली की चिमटे आपोआप गळून शौचावाटे जातात. पोट उघडायचं कामच नाही.

मला ते पटेचना. शहरात तेव्हा काचेचे चकचकीत खाजगी दवाखाने नुकतेच उभे राहत होते. परदेशातून आलेली नवी चीज माझ्या नवऱ्यावर वापरून बघतायत, असंच वाटलं.

शहरातल्याच गौलीगुडा भागातून माझे दीर प्रकाश धावत आले. सगळं ऐकून म्हणाले, "वहिनी, आपली चूक झाकायला चिमटे लावलेत त्यांनी. सरकारी दवाखान्यात हलवू. तिथं पोट उघडून बघतील तरी."

मी उठले आणि डॉक्टरांना गाठलं. "छेद किसने किया?"

"मेरेच हाथ से हुआ, अम्मा."

रोगावर ढकलतील, वयावर ढकलतील, अशी माझी खात्री होती. उत्तर इतकं सरळ आलं की मला त्याचाही संशय आला.

"चिमटे निकल गए तो?"

"तो ऑपरेशन. सर्जन मॅडम को बुला लिया मैंने."

त्या मॅडमना मी व्हरांड्यात एकटं गाठलं. मला काय सांगायचं ते तुम्हाला पढवलंय का, असं सरळच विचारलं. त्या रागावल्या नाहीत. मला खाटेपाशी नेलं आणि माझा हात यांच्या पोटावर ठेवला. "नरम है ना? पत्थर जैसा कडक हुआ, दर्द बढ़ा, तो मैं खुद पेट खोलूँगी. डॉक्टर साब कू पूछूँगी भी नै."

त्या वाक्यावर मी इथंच थांबायचं ठरवलं. प्रकाशभावजी मात्र नाराजच होते.

यांना पाण्याचा थेंबही मना होता. सलाईन आणि अँटिबायोटिक, म्हणजे जंतू मारणारं औषध, एवढंच. मी घटकेघटकेला पोट चाचपायची. हे वैतागले, "अगं, मी काय पपई आहे, पिकली का बघायला?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंग तापलं. मॅडमना बोलवा म्हणून मी दवाखाना डोक्यावर घेतला. आपण थांबलो तेच चुकलं, असं वाटलं. प्रकाशभावजी अँब्युलन्स बघायला निघाले. तेवढ्यात मॅडम आल्या, पोट दाबून पाहिलं आणि सीटी स्कॅन करवला. त्यात पोटाच्या आतले थर फोटोत दिसतात. चिमटे जागेवर होते, आतड्यातलं काही बाहेर झिरपलेलं नव्हतं. सकाळपर्यंत ताप उतरला.

मग घोटभर पाणी, मग पेज. तपासायला पाठवलेल्या पॉलिपचा रिपोर्ट आला, कॅन्सर नव्हता. तो कागद हातात घेऊन मी जिन्यातच बसून रडले.

तुमच्यावर अशी वेळ आली तर शंका मनात कुजवू नका. तोंडावर विचारा. दुसऱ्या डॉक्टरला एकटं गाठून तेच विचारा. पोट कडक होणं, दुखणं वाढणं, ताप, यातलं काहीही दिसलं तर सगळा दवाखाना गोळा करा. मी केला, कुणी हाकलून दिलं नाही.

काही महिन्यांनी पुन्हा नळी घालून बघायचं होतं. प्रकाशभावजी म्हणाले, "आता डॉक्टर तरी बदला." यांनी माझ्याकडे पाहिलं.

"त्यांच्याकडंच जाऊ," मी म्हणाले. "त्यांनी छेद पाडला, पण तो सांगितला तरी. दुसरा सांगेल की नाही, कुणाला ठाऊक?"