लॅमिनेशन केलेला देवीचा फोटो

काल नातीनं काढलेल्या चित्राची झेरॉक्स घ्यायला गेलो, तर दुकानात तापलेल्या प्लास्टिकचा वास भरला होता, आणि मला नांदेडच्या घाटावरचा एक रविवार आठवला. आमच्या कॉलनीची मंडळी गोदावरीचा काठ साफ करत होती. मी भूगोलाचा मास्तर, त्यामुळं इथला कचरा शेवटी समुद्रात जातो, हे सांगायचं काम माझ्याकडं. मी बोलत असतानाच गाळातून माहूरच्या रेणुकामातेचा फोटो निघाला. मागं बायकोच्या अक्षरात आमच्या वास्तुशांतीची तारीख. खराब होऊ नये म्हणून तो मीच लॅमिनेट करून घेतला होता, आणि देव्हाऱ्यात मूर्ती आल्यावर मीच हात जोडून पुलावरून सोडला होता. होडीवाल्या मामांनी तो धुऊन माझ्या हातात दिला. "इतके दिवस गाळात ऱ्हाऊन कपाळाचं कुंकूबी हललं न्हाई, सर. समुद्रात गेला असता, तर तिथंबी असाच ऱ्हायला असता की." माझं भाषण तिथंच थांबलं. काल दुकानदारानं चित्र परत देताना विचारलं, "लॅमिनेशन करून देऊ का, सर? शंभर वर्षं काय होत न्हाई बघा." मी म्हणालो, "म्हणूनच नको."