सहाणेवरचे नऊ वळसे

त्या पोस्टकार्डावरचं अक्षर आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. काळी शाई, उजवीकडे कललेली वळणं, शब्द एकमेकांना चिकटलेले. मोडीत हात बसलेला माणूस बाळबोध लिहितो तेव्हा ते असं दिसतं. मजकूर दोन ओळींचा होता. 'रामबागेतल्या अमुक घरी सावत्र आई लेकराला दुधातून विष घालते. पोर जाण्याआधी या.' खाली सही नव्हती.

मध्य प्रदेश होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. इंदूरच्या आमच्या ठाण्यात छापील फॉर्म अजून मध्यभारताचेच होते. ते नाव खोडून वर नवं लिहायचं आणि मग कामाला लागायचं, ही सकाळची पहिली कसरत असे. निनावी कार्डं आठवड्याला चार-पाच येत, आणि त्यांतली बहुतेक शेजाऱ्यांच्या भांडणातून निघालेली असत. तरी लहान मुलाचा उल्लेख असलेलं कार्ड मी बाजूला ठेवत नसे. घरी माझं स्वतःचं मूल सहा महिन्यांचं होतं.

चौकशीला गेलो तर घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "पोराला आकडी आली, भैय्याजी. सगळे दवाखान्यात पळालेत."

मुलगा अकरा महिन्यांचा होता. आई बाळंतपणातच गेली. वडील मिलच्या हपीसात कारकून. घराणं जुनं, संस्थानच्या फौजेतलं, आता नोकरदार. मूल सांभाळायला वडिलांची आत्या गौतमपुऱ्याहून येऊन राहिली होती. तिला सगळे आत्याबाई म्हणत. चार महिन्यांपूर्वी वडिलांनी दुसरं लग्न केलं, देवासची एकोणीस वर्षांची मुलगी. आणि मुलाची तब्येत बिघडली तीही गेल्या चार महिन्यांत. पोट दुखे, रंग फिकट पडे, खाल्लेलं अंगी लागत नसे, आणि आता ही आकडी.

डॉक्टर सावकाश बोलणारे होते. त्यांनी गुडघ्याचा एक्स-रे खिडकीसमोर धरला. हाडाच्या टोकाशी दाट पांढरी रेघ होती.

"हे शिसं," ते म्हणाले. "एकदा पोटात जाऊन अशी रेघ उमटत नाही. रोज थोडं थोडं जातंय, कित्येक आठवडे. कुठून जातंय ते तुम्ही शोधा. ते थांबलं नाही तर माझ्या औषधाचा काही उपयोग नाही."

डॉक्टरांच्या लेखी कळवण्यावरून गुन्हा दाखल केला. बरोबरच्या हवालदारांचा तपास तिथेच संपला होता. ते माळव्यातले, अनुभवी. म्हणाले, "साब, सौतेली माँ है, दूध उसीके हाथ का है. अब और क्या ढूँढना?"

त्या मुलीला ठाण्यात बोलावलं नाही. घरीच, नवऱ्यासमोर जबानी घेतली. ती पदर बोटाला गुंडाळत उभी होती.

"दूध कोण तापवतं?"

"मी."

"पाजतं कोण?"

"मीच. बोंडल्यानं."

"आणखी कोणी हात लावतं?"

"नाही. मी आधी चाखून बघते, गरम असलं तर. मग मला काही झालं नसतं का?"

नोकरीत मी एक पाहिलं होतं. रचून सांगणारा माणूस पाल्हाळ लावतो. ही मोजकंच सांगत होती आणि शेवटी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती: "मी दिलंच नाही, तर काय सांगू?"

आत्याबाईंची जबानी मात्र लांब झाली. पांढरं लुगडं, ताठ कणा, आवाज खणखणीत. "साहेब, तुम्ही आपल्यातले, म्हणून बोलते. चार महिन्यांपूर्वी हे पोर गुटगुटीत होतं. ही आली आणि वाळायला लागलं. माझा काय संबंध? मी आपली देवाधर्माची. पोराच्या पोटात दुधाशिवाय काही जात नाही, आणि दूध हिच्या ताब्यात."

जबानीवर आम्ही सही घेत नाही, पण जप्तीपत्रावर घेतो. दुधाचं पातेलं, वाटी आणि बोंडलं ताब्यात घेऊन मी घरातली वडीलधारी म्हणून आत्याबाईंपुढे कागद धरला. त्यांनी सही केली. उजवीकडे कललेली, चिकटलेली अक्षरं. पोस्टकार्ड माझ्या खिशातच होतं. ते मी बाहेर काढलं नाही. कार्ड लिहिणं हा गुन्हा नव्हता, आणि त्यात खोटं काही असल्याचंही मला तोवर दिसलं नव्हतं.

मग मी एक निर्णय घेतला. त्या मुलीला दवाखान्यात जायला मनाई केली. मुलाला दूध दवाखान्याचं, आणि जवळ बसायला आत्याबाई. संशयित दूर केला की धोका दूर झाला, असा माझा सरळ हिशेब होता.

भांड्यांना कल्हई होती. शिसं कल्हईतून जाऊ शकतं हे मी वाचलं होतं, म्हणून गल्लीतल्या कल्हईवाल्याला गाठलं. भात्यासमोर बसलेला तो माणूस माझ्यावरच उखडला.

"शीशा? हमारी कल्हई के रांगे में? भिया, तीन पीढ़ी से इसी मोहल्ले के बर्तन चमका रहे हैं. मेरे घर में भी इसी कल्हई के बर्तन में कढ़ी बनती है. चलो, मैं अब्बी आपके सामने पतीली चाट के बताऊँ?"

त्याने खरंच चाटून दाखवली. हवालदार हसू लपवायला रस्त्याकडे बघू लागले. भांडी मी कॉलेजातल्या रसायनाच्या प्राध्यापकांकडे तपासायला दिली. कल्हई शुद्ध निघाली. दूधही. काजळाची डबी तपासली, लाकडी खुळखुळ्याचा रंग तपासला. काहीच नाही.

आणि आठ दिवस झाले तरी मूल सुधारत नव्हतं. सावत्र आईचा हात लागलेला थेंबही पोटात गेला नव्हता, तरी दुसरी आकडी आली. डॉक्टर म्हणाले, "अजून जातंय. कुठून तरी अजून जातंय."

कोडं मला घरीही सोडत नव्हतं. नवव्या दिवशी सकाळी मी बूट घालत होतो. पत्नी आमच्या बाळाला आंघोळ घालून मांडीवर घेऊन बसली होती. मी सहज विचारलं, "आपल्या बाळाला तू काय काय देतेस गं?"

"दूध. दुसरं काय देणार एवढ्याशाला?"

हे बोलताना तिचा उजवा हात सहाणेवर फिरत होता. हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, एकेक उगाळून चाटण तयार होत होतं. शेवटी बोटातली अंगठी काढून तिने सोन्याचा एक वळसा दिला.

"आणि हे?" मी विचारलं.

तिने सहाणेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ही तर घुटी," ती म्हणाली. "ही कोणी खाण्यात धरतं का?"

एक बूट बांधायचा राहिला, तसाच मी निघालो.

दवाखान्यात सकाळी मुलांची अंगं पुसायची वेळ होती. आत्याबाई खाटेशी पाट टाकून बसल्या होत्या. पुढे हातभर कापडावर छोटी सहाण, शेजारी घुटीचा बटवा. मी दाराशीच थांबलो. चार मुळ्या झाल्या. मग त्यांनी लाल फडक्याची गाठ सोडली आणि बोराएवढा, करडा, एका बाजूने चपटा झालेला गोळा काढला. तो सहाणेवर फिरू लागला. त्या ओठांत मोजत होत्या. सात, आठ, नऊ.

बोट चाटणात बुडवून त्यांनी मुलाच्या ओठांकडे नेलं, आणि मी त्यांचं मनगट धरलं.

"आत्याबाई, हे काय आहे?"

त्या रागावल्या, पण सांगताना आवाजात अभिमान होता. "आमच्या खापरपणजोबांच्या मांडीतून निघालेली गोळी. इंग्रजांशी लढताना लागली होती. देव्हाऱ्यात असते. घरातल्या प्रत्येक मुलग्याला हिचे वळसे देतात. लढवय्याचं बळ येतं."

"किती? कधी?"

"रिवाज तीन वळशांचा, रविवारी फक्त. पण ही सावत्र घरात आली, तेव्हापासून मी रोज द्यायला लागले. पोराला राखायला नको? तरी खंगत चाललं, म्हणून तिनाचे नऊ केले."

डॉक्टर येऊन उभे होते. त्यांनी गोळा हातात घेतला आणि नखाने ओरखडा काढला. खाली शिसं चकाकलं.

"आमच्या घरची सगळी पोरं हिच्यावरच वाढलीत," आत्याबाई म्हणाल्या.

"सगळी?" डॉक्टरांनी विचारलं.

 त्या बोटांच्या पेरांवर अंगठा टेकवत लहानपणीच गेलेली पोरं मोजू लागल्या. दोन भाऊ, एक भाचा. चौथ्या पेरावर अंगठा तसाच राहिला. मग त्या म्हणाल्या, "साहेब, ते कार्ड मीच टाकलं होतं."

"माहीत आहे."

"मग आता मला धरा."

मी धरलं नाही. गोळा जप्त केला, सील केला, तपासणीला पाठवला. हेतू नव्हता, म्हणून शेवटी प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. आमच्याकडे त्याला खारजी म्हणत. औषधाची इंजेक्शनं मुंबईहून मागवावी लागली. मुलगा वाचला. चालायला उशिरा लागला, पण लागला.

काही महिन्यांनी मुद्देमाल परत करण्याचा हुकूम आला. वडिलांनी येणं टाळलं. आत्याबाई आणि सून आल्या, सुनेच्या कडेवर मुलगा. मी सील तोडून फडकं टेबलावर उलगडलं. मुलाने हात पुढे केला, आणि तो पोहोचायच्या आत आत्याबाईंनी आपल्या तळव्याखाली गोळी झाकली. सुनेकडे बघून म्हणाल्या, "तू सांग. तू म्हणशील तसं."

सून म्हणाली, "नदीत टाकू."

आत्याबाईंनी मान डोलावली आणि पावतीवर सही केली. तीच कललेली अक्षरं.

दुधात विष शोधताना मी आठ दिवस घालवले, कारण घरातल्या सगळ्यांनी मला खरी उत्तरं दिली होती. माझा प्रश्न अपुरा होता. पुढच्या नोकरीत मी 'काय देता?' असं विचारणं सोडलं. सकाळीच त्या घरी जाऊन बसायचो आणि हात कुठे कुठे जातो ते बघायचो. गोळी सापडली त्याच दिवशी माझ्या पत्नीने विचारलं होतं, "सोन्याचा वळसा तरी चालेल ना हो?" मला माहीत नव्हतं, तसं मी सांगितलं. तिने अंगठी पुन्हा सहाणेला लावली नाही. या पावसाळ्यात ती गेली. तिचं सामान आवरताना ती सहाण हाती लागली, म्हणून हे सगळं लिहायला घेतलं.

पण मला जास्त आठवतं ते वेगळंच. गोळी परत दिली त्या दिवशी आत्याबाई ठाण्याच्या पायऱ्या उतरल्यावर ती मुलगी दारातून परत फिरली. मला वाटलं, आभार मानेल.

"साहेब," ती म्हणाली, "दवाखान्यातून आल्यावर कितीतरी दिवस तो माझ्या हातचं दूध घेत नव्हता. विसरला होता मला. ते तुमच्या कागदात कुठे लिहिलंय?"

मी फाइल उघडून बघितली, जणू ते तिथे सापडणार होतं.

"नाही लिहिलं," मी म्हणालो.

"लिहा मग," ती म्हणाली, आणि मुलाला कडेवर सावरून पायऱ्या उतरली.