सोपानची कॉइल आणि माझी जळजळ

चिखलीत बारीक तारेचं वाइंडिंग माझ्यासारखं आज कोणाला जमत नाही. शेजारच्या शेडमधला सोपान महिन्यापूर्वी वारला, तेव्हापासून मी पहिला आलोय.

त्याच्या बायकोचा, मंगलवहिनींचा फोन आला तेव्हा मी निघोज्यात एका कंपनीत मोटर उतरवत होतो. "भावजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या. रडू आलं, खोटं कशाला बोलू. पण त्याच्या आधी मनात आलं... आता मॅडमची कॉइल मला मिळणार.

मॅडम रावेतच्या, कॉलेजात संशोधन करतात. गेल्या वर्षी त्या आधी माझ्याच शेडमध्ये आल्या होत्या. माणसाएवढ्या पाइपवर केसासारखी तार, टर्नला टर्न, म्हणजे वेढ्याला वेढा चिकटून, एकही दुसऱ्यावर चढायचा नाही. मी म्हणलं, "एवढी मोठी कॉइल... भुतं धरायचीत का, मॅडम?" हसलो मी एकटाच. वर शहाणपणानं शेजारची शेड दाखवली, "तिथं सोपान बसतो, त्याला असली किरकिरी कामं आवडतात." ते काम चालू असताना सोपाननं शटर अर्धं खाली ओढलेलं. मला वाटलं, मी कसब चोरेन म्हणून. म्हणजे चोरण्याइतकं आपल्याला येतं, यावरच मी खूश.

कॉइल झाल्यावर तो मला मॅडमच्या कॉलेजात बघायला घेऊन गेला. कशाला नेलं, असं आजही वाटतं. बशीतल्या तेलात काजळी तरंगत होती. मॅडम म्हणाल्या, या कार्बनच्या नळ्या, एकेकटी डोळ्याला दिसणारही नाही. मग कॉइल चालू केली. बशीला वायर नाही, कोणाचा हात नाही, तरी विजेच्या ओढीनं काजळी हलली, टोकाला टोक जुळत गेलं, काळा दोरा झाला, आणि त्या दोऱ्यावर बशीत ठेवलेला बारका दिवा लागला. माझी दोन पोरं ओरडून एका ओळीत जेवायला बसत नाहीत, आणि सोपानची काजळी न सांगता रांगेत. मॅडम म्हणाल्या, "काका, टर्न इतके सारखे नसते तर हे झालं नसतं." तो मान खाली घालून उभा. मला म्हणाला, "बबन्या, बघितलंस?" मी म्हणलं, "बघितलं. तार कुठल्या दुकानातली?"

आमचा वीस वर्षांचा शेजार. पूर्वी तो टर्न मोजायचा तेव्हा मी मुद्दाम भलते आकडे ओरडायचो. तो चुकायचा, तार सोडायचा, पहिल्यापासून लागायचा... एकदाही शिवी नाही. दिली असती तर बरं झालं असतं, राव.

परवा कळलं, मॅडमना आणखी मोठी कॉइल हवीय. इस्त्रीचा शर्ट घालून सोपानच्या शेडमध्ये गेलो. वहिनी पाइपपाशी बसलेल्या. म्हणलं, "वहिनी, काळजी करू नका. सोपानचं काम आता मलाच जमेल. मॅडमना माझं नाव सांगा."

त्यांनी मान वर केली नाही. "भावजी, दोन वर्षं त्यांना बारीक तार दिसत नव्हती. ती कॉइल मी गुंडाळली, ही पण मीच गुंडाळतेय. जळायचं तर माझ्यावर जळा. पण जरा बाजूला होऊन, उजेड अडतोय."