धाकटी कणगी

गावाहून काकीच्या शेजारच्या सुमनवहिनीचा फोन आला तेव्हा मी रत्नागिरीत बँकेच्या रांगेत होतो. "भावजी, काकी गेली. खळ्यात बसली होती, बसल्या बसल्याच…" मी बरं म्हटलं आणि रांगेत उभाच राहिलो. नंबर आला, पासबुक भरून घेतलं, मग गावची एसटी धरली. रडू तेव्हा आलं नाही. आज महिना होऊन गेला, अजूनही येत नाही.

काकी म्हणजे माझी चुलती. जयगडच्या खाडीलगतच्या आमच्या वाडीत ती एकटी राहायची. तिचा मुलगा सुरेश मुंबईला. मी जन्मभर पुरवठा खात्यात कारकून, रेशनचा तांदूळ दुकानोदुकानी पोचवण्याचे कागद रंगवले. त्याचा मला तोरा होता, खोटं कशाला बोलू? "काकी, देशाची कोठारं भरलीत. आता कशाला चिखलात उतरतेस?" असं मी दर पावसाळ्यात म्हणायचो. ती हसायची. "भरली ना, बरं झालं हो. कार्डावरचा तांदूळ मीही खाते. पण मेल्या, तुझ्या गोणीतला तांदूळ एकदा पेरून बघ, उगवतो का."

आमच्या खाजणात, म्हणजे खाडीचं खारं पाणी मुरलेल्या जमिनीत, दुकानातलं बियाणं तग धरत नाही. तिथे फक्त एक तांबडं भात येतं. बाकीच्यांनी ते कधीच सोडलं. पोरं मुंबईला, जमीन पडीक. काकीने आणि सुमनवहिनीने मिळून दोन कुणगे, भाताचे छोटे तुकडे, धरून ठेवले होते. घरात भात साठवायच्या, शेणाने सारवलेल्या दोन कणग्या, थोरली खायची, धाकटी बियाण्याची. टाळेबंदीत रेशनचा ट्रक वाडीपर्यंत पोचला नाही, तेव्हा काकीने थोरली कणगी वाडीसाठी मोकळी केली. शेवटी शेवटी स्वतः नाचणीची पेज पिऊन राहिली. मी फोनवर म्हटलं, अगं, धाकटीतलं काढ. "पोटाला कळत नाही, आपल्याला कळतं ना? तिला हात नाही लावायचा."

हे माझ्याशीच बोलली होती ती. आणि तरीही…

तेराव्याच्या आदल्या दिवशी सुरेश म्हणाला, "दादा, आईच्या हातचं भात आहे घरात, तेच शिजवूया." मला ते फार बरं वाटलं. थोरलीच्या तळाशी चार पायली निघालं, ते पुरेना. मी स्वतः धाकटीचं सारवलेलं तोंड फोडलं, ती तळापर्यंत रिकामी करून पोती भरली, गिरणीवर नेली. त्या घटकेला माझ्या डोक्यात फक्त पंगत होती.

वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि तांबडा भात. सुमनवहिनीने पहिला घास घेतला आणि विचारलं, "कुठल्या कणगीतलं?" मी सांगितलं. तिने घास गिळला. "भावजी, ते बियाणं होतं." एवढंच बोलली. माझ्या हातात भाताचं पातेलं होतं. पंगत उठेपर्यंत मी वाढत राहिलो.

नंतर त्या बियाण्यासाठी आसपासच्या गावांत हिंडलो. म्हातारी माणसं आठवण काढायची, चवीचं वर्णन करायची. दाणा कुणाकडे नव्हता.

काल काकीच्या घरी माठातलं पाणी घ्यायला वाकलो आणि उठताना नजर दारावर गेली. नव्याची जुडी. भात तयार झालं की पहिल्या लोंब्या आंब्याच्या पानांत बांधून चौकटीवर लावतात, ती. गेल्या आश्विनात काकीने लावलेली. पुढच्या वर्षीची बांधल्याशिवाय ही उतरवायची नसते, अशी तिची सक्त ताकीद. बाहेरचे दाणे चिमण्यांनी टिपलेत, आतले असतील थोडे. सुमनवहिनी म्हणाली, "रोपांसाठी कुणग्याचा कोपरा भाजून ठेवलाय मी. मूठभर असलं तरी पुरे, दोन-तीन वर्षांत वाढवू."

मी स्टुलावर चढलो. सुतळीपर्यंत हात गेला आणि थांबला.

"काकी, हात लावतोय गं," मी म्हटलं.

खाली सुमनवहिनी पदर पसरून उभी होती.