बोळासमोरचे पांढरे पट्टे

नव्वदच्या दशकात मी सांगलीत शहराचे नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत ट्रेसर होते. जुन्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि शाईनं रेघ ओढायची, हे माझं काम. त्याच कागदाच्या छापील प्रती बाहेर जात, आणि रस्त्यावर पट्टे मारणारा रंगारी त्या बघूनच ब्रश चालवी.

कचेरीची रीतच अशी, की जुन्यात आहे तेच नव्यात उतरवायचं. उठून रस्ता बघायला कुणी जात नसे. त्यामुळे माणसांनी रस्ता ओलांडायचे पट्टे वर्षानुवर्षं टांगा स्टँडसमोर पडत. टांगे कधीच गेले, तिथं आता नुसती भिंत होती. माणसं ओलांडायची आमच्या वस्तीच्या बोळासमोर, कारण बालवाडी, दवाखाना, नळ, सगळं रस्त्याच्या पलीकडे. भिंतीवर डोकं आपटायला कोण जाणार, सांगा!

आई त्या बालवाडीत खिचडी शिजवायची. एका सकाळी उसाच्या ट्रॅक्टरनं तिला उडवलं. पाय मोडला. केस झालीच नाही. हवालदार म्हणाला, बाई पट्ट्यावर नव्हती, चूक तिचीच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पुढचा नकाशा हातात आला तेव्हा मी भिंतीपुढचे पट्टे गाळले आणि बोळासमोर काढले. साहेब साताऱ्याहून बदलून आलेले, आवाज मोठा. त्यांनी टेबलावर ब्लेड आपटलं, शाई खरवडून होतं तसं कर म्हणाले, वर नोकरीची आठवणही करून दिली. पण ब्लेडला मी शिवले नाही.

"खरवडायचं तर तुम्ही खरवडा, साहेब. आणि खाली सही करा. पुढं कुणाचा पाय मोडला की तुमच्याकडे येता येईल."

सही करायला कोण तयार होतंय! कागद गेला तसाच गेला. मला मात्र रेकॉर्डच्या खोलीत धूळ खात बसवलं. बसले की.

पट्टे वाळल्यावर आई काठी टेकत बोळाच्या तोंडाशी आली. मी हात धरायला गेले तर तिनं झटकला. समोरून ट्रॅक्टर येत होता, मागं उसाच्या दोन ट्रॉल्या, टेप मोठ्यानं लावलेला. आई पट्ट्यांवर उतरली आणि काठी आडवी धरली. ट्रॅक्टर करकरत थांबला. ड्रायव्हर वाकून ओरडला, म्हातारे, मरायचंय का?

"मरायचं न्हाई रं, पलीकडं जायचंय," आई म्हणाली, आणि मुद्दाम सावकाश गेली.